साठ प्रश्न आणि एक चौकोन

एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना प्रश्न काढणे सहज जमत असणार, असे लोक धरून चालतात आणि खरे सांगायचे तर मीही तसेच धरून चालले होते. म्हणूनच आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाने ऑगस्टमध्ये जेव्हा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी प्रश्नमंजुषेचा संच तयार करण्याचे काम माझ्याकडे दिले, तेव्हा फारसा विचार न करता मी होकार दिला आणि दोन रविवारांत काम उरकेल असे कार्यवाहांना सांगूनही टाकले. प्रत्यक्षात त्याला नऊ आठवडे लागले, दोन शंभरपानी वह्या भरल्या, आणि शेवटी ज्या प्रश्नावरून सभागृहात गोंधळ झाला तो माझ्या मते संपूर्ण संचातला सर्वांत निर्धोक प्रश्न होता.

कार्यकारिणीने विषय आधीच ठरवले होते: ऑपेरा, भूगोल, शोध, ध्वज आणि नामवंत स्त्रिया. त्यातल्या ऑपेराचे कोडे मला काही दिवस उलगडले नव्हते. चौकशीअंती कळले, की आदल्या वर्षीच्या संगीताच्या फेरीत सगळे प्रश्न नाट्यगीतांवर आणि जुन्या चित्रपटगीतांवर होते, त्यामुळे साठीच्या पुढच्या मंडळींचा संघ एकतर्फी जिंकला, आणि तरुण सभासदांनी लेखी तक्रार केली. यावर तोडगा म्हणून कोणालाच येत नसलेला विषय घ्यावा, म्हणजे सर्वांना समान संधी मिळेल, असे खजिनदारांनी सुचवले. या तर्कात विनोद आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही, किंवा आले असले तरी इतिवृत्तात तशी नोंद नाही.

तिघांचा एक असे सहा संघ, पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत संघाला दोन प्रश्न. म्हणजे साठ प्रश्न आणि वर दहा राखीव. पहिल्याच संध्याकाळी मी बावीस प्रश्न लिहून काढले. त्यांतले अंतिम संचात चार उरले. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता, की प्रत्येक उत्तराला दोन स्वतंत्र आधार मिळाल्याशिवाय प्रश्न पक्क्या वहीत उतरवायचा नाही. आणि या ‘स्वतंत्र’ शब्दानेच माझा सर्वाधिक वेळ खाल्ला. इंटरनेटवरची दोन पाने एकच गोष्ट सांगत असली तरी पुष्कळदा त्यांतली शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकाच जागी सापडते, आणि मग ते दोन साक्षीदार नसून एकाच साक्षीदाराची झेरॉक्स आहे हे मान्य करावे लागते.

ऑपेराची सुरुवातच अशी झाली. ‘सुएझ कालव्याच्या उद्‌घाटनासाठी व्हेर्दीने कोणता ऑपेरा लिहिला?’ हा प्रश्न मी स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याशा पुस्तकात वाचलेला होता, त्याचे ‘आयडा’ हे उत्तरही तोंडपाठ होते, आणि तारखा तपासण्याची तसदी मी निव्वळ नियमापायी घेतली. कालवा खुला झाला १७ नोव्हेंबर १८६९ रोजी. कैरोचे ऑपेरागृह त्याच महिन्याच्या आरंभी उघडले, पण तेथे पहिला प्रयोग झाला तो व्हेर्दीच्याच ‘रिगोलेत्तो’ या जुन्या ऑपेराचा. ‘आयडा’ कैरोच्या रंगमंचावर आला २४ डिसेंबर १८७१ रोजी, म्हणजे कालव्यातून जहाजे ये-जा करू लागल्याला दोन वर्षे उलटून गेल्यावर. त्यातही तो उशिरा आला, कारण नेपथ्य आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार झाले होते आणि प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातल्यामुळे ते तिथेच अडकून पडले होते. मी तो प्रश्न उलटा केला: ‘नेपथ्य आणि पोशाख वेढा पडलेल्या पॅरिसमध्ये अडकल्यामुळे इजिप्तच्या राजधानीत होणारा कोणत्या ऑपेराचा पहिला प्रयोग लांबला?’ प्राचीन इजिप्तची कथा कोणत्या ऑपेरात आहे, एवढे ज्याने कुठेतरी ऐकले आहे त्याला हे विचार करून सापडते, आणि ज्याला सापडत नाही त्यालाही उत्तर ऐकताना एक गोष्ट मिळते.

ऑपेराची व्याख्या विचारण्याचा बेतही असाच फसला. ‘संवाद न बोलता सर्वस्वी गाऊन सादर केले जाणारे पाश्चात्त्य नाटक’ असे लिहून मी मोकळी झाले होते, कारण आपल्या संगीत नाटकापासून त्याचे वेगळेपण मला यातच दिसत होते; अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे १८८० पासून, आपल्याकडे पात्रे बोलतात आणि मधूनमधून पदे गातात. पण बिझेचा ‘कार्मेन’ १८७५ च्या मार्चमध्ये पॅरिसला पहिल्यांदा झाला तेव्हा त्यातही गद्य संवाद होते, आणि मोत्सार्टच्या १७९१ मधल्या ‘मॅजिक फ्लूट’मध्येही पात्रे गाण्यांच्या मधल्या जागी सरळ बोलतात. जगातले दोन अत्यंत लोकप्रिय ऑपेरे ज्या व्याख्येत बसत नाहीत ती व्याख्या विचारून काय उपयोग, म्हणून ते पान मी फाडले. बिझेविषयी एवढेच ठेवले, की ‘कार्मेन’च्या पहिल्या प्रयोगानंतर तीनच महिन्यांनी तो वारला आणि त्याचे यश त्याला पाहता आले नाही.

याच सुमारास मला एक असा प्रश्न सापडला, ज्यात पाचपैकी तीन विषय एकत्र येत होते. हेलन पोर्टर मिचेल या गायिकेने रंगमंचासाठी आपल्या जन्मगावावरून नाव घेतले; पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील एस्कॉफिए या फ्रेंच बल्लवाचार्याने पीच, व्हॅनिला आइस्क्रीम आणि रास्पबेरी यांचा एक गोड पदार्थ तिच्या नावे केला; आणि आज तिचे चित्र ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर आहे. ती नेली मेल्बा, आणि गाव अर्थातच मेलबर्न. गायिका विचारा, गाव विचारा किंवा पदार्थ विचारा, प्रश्न उभा राहतो. मी गाव विचारले, कारण ‘मेल्बा’ हा शब्द दिला तर नकाशा डोळ्यांसमोर आणून उत्तर गाठता येते.

मुंबईच्या ऑपेरा हाऊसचा प्रश्नही मी आवडीने घातला. आमच्या गावातल्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी गिरणगावात किंवा गिरगावात राहून आलेले आहे, त्यामुळे ऑपेरा हाऊस हा शब्द सर्वांच्या ओळखीचा, पण बसथांबा म्हणून. १९९३ मध्ये ती वास्तू बंद झाली आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली. मधली तेवीस वर्षे लोक रोज तिथे उतरत राहिले. कैरोचे ते ऑपेरागृह १९७१ मध्ये जळून गेले, तरी तिथल्या चौकाचे नाव ऑपेरा हेच राहिले, हे वाचल्यावर मला हे दोन प्रश्न लागोपाठ ठेवावेसे वाटले.

भूगोल मी सर्वांत शेवटी घेणार होते, कारण तो माझा घरचा विषय. घरच्याच विषयाने मला सर्वांत जास्त खजील केले. भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे, आणि आमच्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवलेल्या नकाशाखाली माझ्याच सांगण्यावरून तो आकडा पिवळ्या ऑइल पेंटने लिहिलेला आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात मात्र ही लांबी ११,०९८.८१ किलोमीटर दिलेली आहे. जमीन वाढलेली नाही. मोजपट्टी बारीक झाली आहे. जुनी मोजणी पंचेचाळीस लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, नवी अडीच लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर, त्यामुळे ज्या खाड्या आणि वळणे पूर्वी एका सरळ रेषेखाली झाकली जात होती ती आता मोजली गेली. आपल्या कोकणातली एखादी खाडी डोळ्यांसमोर आणली तर हे लगेच कळते: रस्त्याने, होडीने आणि चिखलातून काठाकाठाने जाणाऱ्या तिघांच्या चालण्याची लांबी एक येणार नाही. मग प्रश्न काय विचारायचा? लांबी विचारली तर जुने पुस्तक वाचलेला आणि नवा अहवाल वाचलेला असे दोन्ही संघ भांडणार, आणि दोघांचेही काही अंशी बरोबर असणार. मी लांबी सोडून ‘नव्या मोजणीत किनाऱ्याची लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरने का वाढली?’ असे कारण विचारले. शाळेत आम्ही ‘भौगोलिक कारणे द्या’ हा प्रश्न तीन गुणांना विचारत असू, त्याची आठवण झाली.

जगातील सर्वांत उंच शिखर हा बालवाडीतला प्रश्नसुद्धा शब्दांवर अवलंबून असतो. समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट, २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने संयुक्तपणे जाहीर केल्याप्रमाणे ८,८४८.८६ मीटर, समुद्रतळावरच्या पायथ्यापासून मोजले तर हवाई बेटावरचे मौना केआ, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचे टोक मोजले तर इक्वेडोरमधील चिंबोराझो, कारण विषुववृत्तापाशी पृथ्वी फुगीर आहे. महाराष्ट्रात जिल्हे किती, या प्रश्नाचे उत्तर १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाल्यापासून ३६ असले तरी वाचनालयातल्या चार पुस्तकांत ३५ आहे. ही पुस्तके बाजूला काढून ठेवा असे मी ग्रंथपालांना सुचवले, तर ते म्हणाले, “बाई, मग कपाटात उरेल काय?”

शोधांच्या फेरीत अडचण माहितीची कमी आणि मराठीची जास्त होती. आपण ‘शोध लावला’ हे एकच क्रियापद कोलंबसालाही लावतो, न्यूटनलाही लावतो आणि शिवणयंत्रालाही लावतो. आधीपासून असलेली वस्तू सापडणे आणि नसलेली वस्तू घडवणे यांत फरक आहे, आणि घडवणे, सुधारणे, पेटंट घेणे आणि बाजारात आणणे या चौघांचे मानकरी पुष्कळदा चार वेगळे असतात. ‘टेलिफोनचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाला बेल हे उत्तर सर्व जण देतील, पण अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००२ मध्ये ठराव करून अंतोनियो मेउच्ची या इटालियन गृहस्थाच्या कामाचा गौरव केला आहे, आणि एखाद्याने तो ठराव दाखवला तर मी काय बोलणार? म्हणून ‘७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे अमेरिकन पेटंट कोणाच्या नावे मंजूर झाले?’ असा प्रश्न केला. तो रुक्ष आहे हे मला मान्य आहे.

विमानावरून मात्र खरीखुरी खडाजंगी झाली. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवले, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असा प्रश्न असलाच पाहिजे, असा आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह होता. ही गोष्ट मीही लहानपणी ऐकलेली आहे आणि ती खरी असती तर मला आनंदच झाला असता. परंतु त्या उड्डाणाची त्या काळातली, तपासून पाहता येईल अशी विश्वासार्ह नोंद हाती लागत नाही. आणि ज्या ग्रंथाच्या आधारे प्राचीन विमानविद्येविषयी बोलले जाते, त्यातील आराखडे उडण्याजोगे नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. “तुम्हाला आपल्या माणसांचा अभिमान नाही,” असे ते सदस्य मला म्हणाले. मी त्यांच्यापुढे शंकर आबाजी भिसे यांचे नाव ठेवले. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या माणसाने छापखान्यासाठी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, ओतण्याचे वेगवान यंत्र बनवले, त्याला ‘भिसोटाइप’ म्हणत, आणि त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हटले जाई. त्यांच्या शोधांना पेटंटांचे कागद आहेत. सदस्यांचे स्वतःचे वडील छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी प्रश्न दोनदा वाचला, “हा राहू द्या,” म्हणाले, आणि विमान खाली उतरले.

विमानाच्या जागी मी १९०३ हे साल धरून एक जोडी केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्रचलित विमान उडाले, हे सर्वांना माहीत. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना, न्यूयॉर्कमध्ये बर्फात काच पुसत ट्राम हाकणाऱ्या चालकाला पाहून सुचलेल्या उपकरणाचे पेटंट मिळाले. ते उपकरण म्हणजे मोटारीचा वायपर. पावसाळ्यात आमच्या घाटातून एसटीने आलेल्या कोणालाही याचे मोल सांगावे लागत नाही.

नामवंत स्त्रियांच्या फेरीत ‘पहिली’ या एका शब्दाने माझा आठवडा घेतला. ‘भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत विचारला जातो आणि उत्तर आनंदीबाई जोशी असे येते. आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, हे निर्विवाद आहे. पण बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनीही १८८६ मध्येच कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण केले आणि पुढे प्रत्यक्ष व्यवसाय केला. आनंदीबाई क्षय घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली. तिसऱ्या रखमाबाई, ज्यांनी बालपणी लावून दिलेल्या लग्नाला न्यायालयात नकार दिला, लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरतेत व राजकोटला दीर्घकाळ रुग्णसेवा केली. तेव्हा पहिली कोण? पदवी धरायची, देशातले शिक्षण धरायचे, की रुग्णाची नाडी हातात घेतलेली धरायची? मी तीन ओळींचा प्रश्न लिहिला, तो दहा वेळा खोडला, आणि शेवटी ‘१८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवणारी भारतीय महिला’ यावर येऊन थांबले. या प्रश्नात ‘पहिली’ हा शब्दच नाही.

ध्वज आणि स्त्रिया या दोन्ही फेऱ्यांत बसणारा एक प्रश्न मला हवाच होता. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मुंबईच्या मादाम भिकाजी कामा यांनी भारताचा ध्वज फडकवला, आणि तो ध्वज पुढे गुप्तपणे भारतात येऊन पुण्याच्या केसरीवाड्यात जतन झाला. त्यावर काय होते, हे विचारायचा माझा बेत होता. पण काही पुस्तके वरच्या पट्ट्यावर आठ कमळे सांगतात, तर काही एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ होते, याविषयी मात्र दुमत आढळले नाही. म्हणून कमळे मोजण्याचा नाद सोडून मी शहर आणि व्यक्ती विचारून थांबले.

ध्वजांचे बाकीचे प्रश्न भराभर झाले. चाड आणि रोमानिया यांचे निळे-पिवळे-लाल ध्वज जवळजवळ सारखे; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिख्टेनश्टाइन यांना आपले ध्वज सारखेच असल्याचे कळले आणि पुढच्या वर्षी लिख्टेनश्टाइनने आपल्या ध्वजावर मुकुट घातला; भारतीय नौदलाच्या २ सप्टेंबर २०२२ च्या नव्या ध्वजावरील अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. राष्ट्रध्वजाचे कापड कोणते, हा प्रश्न मात्र रद्द केला, कारण ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून यंत्रावर विणलेले पॉलिस्टरही चालते आणि जुन्या पुस्तकांत केवळ हातकताईची खादी आहे. चित्रफेरीसाठीचे ध्वज छापायला दिले, तर दुकानदाराने खर्च वाचवावा या सद्‌हेतूने ते काळ्या-पांढऱ्या रंगात छापून दिले. इंडोनेशिया आणि पोलंड हे दोन ध्वज एकमेकांशेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत बसले होते.

आता त्या चौकोनाविषयी. ‘कोणत्या एकमेव देशाचा राष्ट्रध्वज चौकोनी नाही?’ असा माझा प्रश्न होता. उत्तर नेपाळ. एकावर एक दोन त्रिकोण असलेला हा ध्वज कसा काढायचा, याची भूमितीतल्या रचनेसारखी पायरीपायरीने कृती त्या देशाच्या राज्यघटनेच्या परिशिष्टात दिलेली आहे. ‘चौकोनी’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला होता: चौकोन म्हणजे चार बाजूंची आकृती, त्यात आयतही आला आणि चौरसही आला. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण प्राध्यापकांना मात्र तो शब्द बोलीतला आणि ढोबळ वाटला असावा, कारण ध्वनिक्षेपकावर त्यांनी प्रश्न वाचला तो असा: “कोणत्या एकमेव देशाचा राष्ट्रध्वज आयताकृती नाही?”

चौथ्या संघाने क्षणाचाही विलंब न लावता “स्वित्झर्लंड” असे सांगितले. सूत्रसंचालकांनी “चूक” म्हणून पुढच्या संघाकडे वळायच्या आत त्या संघातील मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, की स्वित्झर्लंडचा ध्वज चौरस आहे, आयत नाही. पाचव्या संघातील नववीची एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, “सर, चौरस हा आयतच असतो. चारही कोन काटकोन असले की झाले.” मागच्या रांगेतून कोणीतरी “व्हॅटिकनचाही चौरस आहे, मग एकमेव कसा?” असे ओरडले. त्यानंतर पाच-सात मिनिटे कोण काय बोलत होते ते मला सांगता येणार नाही. सर्वांच्या नजरा माझ्याकडे होत्या, आणि मी वहीतला ‘चौकोनी’ हा शब्द बोट ठेवून पाहत होते, जणू तो मला बाहेर काढणार होता.

मी निर्णय दिला तो असा: स्वित्झर्लंड हे उत्तर कोणत्याच अर्थाने बरोबर ठरत नाही, कारण चौरस आयतात धरला तर तो ध्वज आयताकृतीच आहे, आणि धरला नाही तर व्हॅटिकनमुळे तो एकमेव राहत नाही, परंतु संघाला जो प्रश्न ऐकवला गेला तो संचातला प्रश्न नव्हता, म्हणून प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न देण्यात येत आहे. लोकसेवा आयोगाच्या उत्तरतालिकेवर हरकती नोंदवण्याची सवय असलेली दोन-तीन मुले सभागृहात होती; त्यांनी टाळ्या वाजवल्या. राखीव प्रश्न नौदलाच्या अष्टकोनाचा निघाला, आणि चौथ्या संघाने तो सोडवला.

शेवटी दुसरा आणि पाचवा संघ बरोबरीत आले. बरोबरी सोडवण्यासाठी मी एक प्रश्न पाकिटात बंद करून ठेवला होता: ‘आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि डॉ. जेरूशा झिराड यांची नावे दिलेली विवरे कोणत्या खगोलावर आहेत?’ दुसऱ्या संघाने चंद्र म्हटले, जे स्वाभाविक होते. पाचव्या संघात कुजबुज झाली. कोणीतरी शुक्र सुचवला आणि कोणीतरी “शुक्राचार्य पुरुष होता” म्हणून तो खोडला, हे मला पहिल्या रांगेत ऐकू आले. मग तीच आयत-चौरसवाली मुलगी म्हणाली, “आपल्याकडे पुरुष आहे. त्यांच्याकडे व्हीनस देवी आहे.” शुक्रावरील जवळजवळ सर्व नावे स्त्रियांचीच असतात, याची तिला कल्पना नव्हती, उत्तर तिने तिथेच बसून काढले. संपूर्ण संचात हा एक प्रश्न मला अभिप्रेत होता तसा सुटला.

आयोगाचा कित्ता गिरवायचा म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी साठही प्रश्न उत्तरांसह वाचनालयाच्या फलकावर लावले आणि आठ दिवसांत लेखी हरकती मागवल्या. तीन आल्या. पहिली चौथ्या संघाची, स्वित्झर्लंडबद्दल, चार पानांची. दुसरी विमानाबद्दल, निनावी, पण अक्षर मी ओळखले. तिसरी वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीने, दोन ओळींची: ‘प्रश्न ५३. कल्पना चावला १९९७ मध्ये अंतराळात गेल्या तेव्हा अमेरिकेच्या नागरिक होत्या. “पहिली भारतीय महिला” ऐवजी “भारतात जन्मलेली पहिली महिला” असे पाहिजे.’

आनंदीबाईंच्या प्रश्नातल्या ‘पहिली’साठी मी आठवडा घालवला होता आणि इथे शेजारच्याच ‘भारतीय’कडे एकदाही पाहिले नव्हते. हरकत मान्य केली, फलकावरच्या कागदात लाल शाईने दुरुस्ती केली आणि पक्क्या वहीतही केली. पुढच्या वर्षी प्रश्न तपासायला ही व्यक्ती हवी, असे ग्रंथपालांचे आणि माझे एकमत झाले, पण कागदावर नाव नव्हते. ‘हरकत क्रमांक ३ नोंदवणाऱ्या वाचकाने कार्यालयात भेटावे’ अशी सूचना महिनाभर फलकावर लावलेली आहे. अजून कोणी आलेले नाही.